कंपाइलर डायरेक्टिव्ह नेमका कुठपर्यंत लागू होतो? `टाइमस्केल, `रीसेटऑल, `डिफॉल्ट_नेटटाइप

नांदेड_आरटीएल (नांदेड), प्रश्न:

मंडळी नमस्कार. शेतातल्या मोटारीच्या ऑटो-स्टार्टरचा कंट्रोलर व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअरचं वर्णन करायची भाषा) लिहून एफपीजीएवर (हवं ते सर्किट बसवता येणारी चिप) बसवायचं काम चालू आहे. थ्री फेज आली की तिन्ही फेज तपासायच्या, फेजचा क्रम बरोबर असेल तर ठरलेला वेळ थांबून रिलेला आज्ञा द्यायची. रिलेचा संपर्क २ मिलिसेकंदांच्या आत दिसला किंवा २० मिलिसेकंदांनंतरही दिसला नाही, तर ट्रिप. सिम्युलेशनला तीन फाइली आहेत:

फेज_तपास.व्ही : डोक्यावर `टाइमस्केल १एनएस/१पीएस
टीबी_स्टार्टर.एसव्ही : डोक्यावर `टाइमस्केल १एमएस/१यूएस
रिले_मॉडेल.व्ही : टाइमस्केल नाही; आत फक्त #५ संपर्क = आज्ञा;

(नावं आणि डायरेक्टिव्ह, म्हणजे ` नं सुरू होणाऱ्या कंपाइलरच्या सूचना, इथं देवनागरीत लिहितोय, मूळ फाइलीत नेहमीसारखीच आहेत. `टाइमस्केलमधला पहिला आकडा #५ सारख्या विलंबाचं एकक, दुसरा प्रिसिजन म्हणजे बारकाई.)

सिम्युलेटर सगळीकडं आयकॅरसच, आवृत्तीही तीच. नांदेडला फाइली वरच्या क्रमानं दिल्या की संपर्क ५ मिलिसेकंदांनी येतो, सगळं ठीक. संभाजीनगरच्या टीमनं तेच फोल्डर घेऊन *.व्ही *.एसव्ही असं वाइल्डकार्ड टाकून चालवलं, तर संपर्क ५ नॅनोसेकंदात येतो आणि 'फार लवकर' म्हणून ट्रिप लागतो. आणि -यू लावून चालवलं तर संपर्क येतच नाही, टेस्टबेंच (डिझाइनची चाचणी घेणारी टीबी फाइल) ५०० मिलिसेकंदांवर संपून जातो. एकच कोड तीन ठिकाणी तीन उत्तरं देऊलालंय.

भाषेच्या मानकाचं पुस्तक उघडून बसलोय, पण काही गोष्टी स्पष्ट होईनात:

१. `टाइमस्केल फाइलीपुरता असतो की पुढच्या फाइलीतही जातो?
२. प्रत्येक फाइलीच्या वर `रीसेटऑल टाकलं तर हा घोळ मिटेल का? मॅक्रो (`डिफाइननं ठरवलेली नावं) पण पुसले जातील का?
३. `डिफॉल्ट_नेटटाइप नन टाकलं की बाहेरून आणलेल्या फाइली फुटतात, आणि एका टूलमध्ये 'इनपुट लॉजिक' असं लिहिलेल्या पोर्टवरही एरर येते. हे मानकाप्रमाणं आहे का?
४. रिलेची 'फीडबॅक' इनपुट पिन काही इन्स्टन्समध्ये (मॉड्यूलच्या वापरलेल्या प्रतींत) मोकळी आहे. `अनकनेक्टेड_ड्राइव्ह पुल१ टाकायचं, तर ते मॉड्यूलच्या फाइलीत की जिथं इन्स्टन्स घेतो तिथं?


गोदाकाठ (पैठण):

पहिल्या प्रश्नातच बाकीच्या अर्ध्या प्रश्नांची किल्ली आहे, म्हणून तो नीट पाहू.

डायरेक्टिव्ह हा मॉड्यूलच्या उतरंडीला ओळखत नाही. कोण कोणाच्या आत इन्स्टन्स आहे याच्याशी त्याचं काहीच देणंघेणं नाही. कंपाइलर मजकूर ज्या क्रमानं वाचतो, त्या क्रमात डायरेक्टिव्ह दिसला की तिथून पुढं तो लागू. प्रश्न एवढाच राहतो की 'पुढं' म्हणजे कुठपर्यंत. आणि इथं मानकाच्या दोन पिढ्यांनी दोन उत्तरं दिली आहेत.

जुनं व्हेरिलॉग मानक, म्हणजे आयट्रिपलई या संस्थेच्या १३६४ ची १९९५, २००१ आणि २००५ ही तिन्ही पुस्तकं, असं सांगतं की डायरेक्टिव्ह जिथं दिसला तिथून पुढं प्रक्रिया होणाऱ्या सगळ्या फाइलींवर चालतो. दुसरा डायरेक्टिव्ह त्याला मोडेपर्यंत किंवा कंपाइल संपेपर्यंत. म्हणजे फाइलीची हद्द त्याला माहीतच नाही. नंतरच्या १८०० मध्ये, म्हणजे व्हेरिलॉगचा विस्तार असलेल्या सिस्टिमव्हेरिलॉगच्या मानकात, 'कंपाइलेशन युनिट' (एकत्र कंपाइल होणाऱ्या फाइलींचा गट) ही कल्पना आली. डायरेक्टिव्ह एका युनिटच्या आत फाइल ओलांडून जातो, पण एका युनिटातून दुसऱ्या युनिटात जात नाही. २००९ साली १३६४ हे १८०० मध्येच विलीन झालं, त्यामुळं आज तोच नियम दोन्हीला लागू.

आता खरी अडचण. एक युनिट म्हणजे किती फाइली? कलम ३.१२.१ सांगतं की टूलनं दोन्ही सोयी द्यायच्या: कमांडवर दिलेल्या सगळ्या फाइली मिळून एक युनिट, किंवा प्रत्येक फाइल वेगळं युनिट. पण न सांगता कोणती सोय चालू राहील, ते मानकानं टूलवर सोडलंय. क्वेस्टा या सिम्युलेटरच्या व्हीलॉग कंपाइलरमध्ये मुळात प्रत्येक फाइल वेगळी; -एमएफसीयू दिलं की सगळ्या मिळून एक. आयकॅरसमध्ये उलटं: मुळात सगळ्या एकत्र, -यू दिलं की प्रत्येक वेगळी. कोड मानकाला धरून असूनही निकाल बदलतो तो इथं.

तुमच्या तीन निकालांचा हिशेब यावरून सरळ लागतो.

नांदेडचा क्रम: फेज, टीबी, रिले. रिले वाचायच्या आधी शेवटचा टाइमस्केल टीबीचा, १ मिलिसेकंद. म्हणून #५ म्हणजे ५ मिलिसेकंद.

वाइल्डकार्डचा क्रम: शेल नावं अक्षरक्रमानं लावतो आणि तुम्ही .व्ही आधी, .एसव्ही नंतर दिलंत. मग फेज, रिले, टीबी असा क्रम बनला. रिलेच्या आधी फक्त फेजचा १ नॅनोसेकंद. #५ म्हणजे ५ नॅनोसेकंद.

-यू लावल्यावर: रिलेची फाइल एकटी. तिच्या युनिटात टाइमस्केलच नाही, म्हणून टूलचा स्वतःचा डिफॉल्ट. आयकॅरसचा डिफॉल्ट १ सेकंद आहे. #५ म्हणजे ५ सेकंद, आणि तुमचा टेस्टबेंच त्याच्या कितीतरी आधी, अर्ध्या सेकंदात संपतो.

नांदेडचं उत्तर बरोबर आलं तेही फाइलींच्या क्रमामुळं आलं. उद्या यादीत टीबीच्या मागं आणखी एक १एनएस वाली फाइल घातली की तेही बदलेल. व्हिवाडो या एफपीजीए टूलबरोबर येणारी जीएलबीएल.व्ही ही फाइल याबाबतीत फार त्रास देते. तिच्या डोक्यावर १पीएस/१पीएस असतं. ती यादीच्या मध्येच कुठं घातली तर तिच्या मागच्या सगळ्या टाइमस्केल नसलेल्या फाइली पिकोसेकंदात जातात.

अजून एक गोष्ट. मानक असंही म्हणतं की काही मॉड्यूलना वेळेचं एकक दिलेलं आहे आणि काहींना नाही, अशी स्थिती ही चूक धरावी. म्हणजे -यू वाल्या धावेत टूलनं थांबवायलाच हवं होतं. आयकॅरस सांगतो, पण -डब्ल्यूटाइमस्केल किंवा -डब्ल्यूऑल दिल्यावरच, आणि तेही वॉर्निंग म्हणून. याच फ्लॅगमुळं 'या मॉड्यूलनं टाइमस्केल दुसऱ्या फाइलीतून उचलला' हेही कळतं. हा फ्लॅग मेकफाइलमध्ये कायमचा टाका. व्हेरिलेटर हा दुसरा सिम्युलेटर अशा वेळी टाइमस्केलमॉड नावाची वॉर्निंग देतो; ती दाबून टाकू नका.

उपाय: रिले_मॉडेलला सिस्टिमव्हेरिलॉग म्हणून कंपाइल करता येत असेल, तर मॉड्यूलच्या आत पहिल्याच ओळीला

टाइमयुनिट १एमएस; टाइमप्रिसिजन १यूएस;

असं लिहा. २००९ पासून टाइमयुनिट १एमएस / १यूएस. असं एकाच ओळीतही चालतं. हे डायरेक्टिव्ह नाही, भाषेतली घोषणा (डिक्लरेशन) आहे. मॉड्यूलच्या आत राहतं आणि फाइलींचा क्रम काहीही असला तरी हलत नाही. अट एकच: मॉड्यूलमधल्या इतर कुठल्याही गोष्टीच्या आधी ते आलं पाहिजे. शुद्ध व्हेरिलॉग २००१ किंवा २००५ ठेवायचं असेल तर प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर स्वतःचा `टाइमस्केल, एकही फाइल न सोडता.

अग्रक्रम कलम ३.१४.२.३ मध्ये दिलाय आणि तो पाठ असावा असाच आहे: आधी मॉड्यूलच्या आतलं टाइमयुनिट, ते नसेल आणि मॉड्यूल दुसऱ्या मॉड्यूलच्या आत लिहिलेलं असेल तर बाहेरच्याचं, मग युनिटात आधी आलेला शेवटचा `टाइमस्केल, मग युनिटच्या पातळीवर लिहिलेलं टाइमयुनिट, सगळ्यात शेवटी टूलचा डिफॉल्ट. यात एक खाच आहे. मॉड्यूलच्या बाहेर, युनिटच्या पातळीवर लिहिलेल्या टास्कमध्ये #५ असेल तर त्याला `टाइमस्केल लागत नाही. युनिटचं एकक फक्त टाइमयुनिट घोषणेनंच ठरतं. असे टास्क पॅकेजमध्ये हलवा आणि पॅकेजला टाइमयुनिट द्या.


जालना_एफपीजीए (जालना):

गोदाकाठ यांनी एककाचं सांगितलं, मी प्रिसिजनचं जोडतो, कारण 'एकक बरोबर आहे' म्हणून लोक तिथंच थांबतात. मॉड्यूलमधला विलंब त्या मॉड्यूलच्या स्वतःच्या प्रिसिजनला पूर्णांकित होतो. २०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकसाठी ऑल्वेज #२.५ लिहिलं आणि फाइलीवर १एनएस/१एनएस असेल, तर २.५ चे ३ होतात. आवर्तन ५ ऐवजी ६ नॅनोसेकंद, म्हणजे साधारण १६६.७ मेगाहर्ट्झ. एरर नाही, वॉर्निंग नाही. क्लॉक बनवणाऱ्या मॉड्यूलला १पीएस प्रिसिजन ठेवा. मात्र सगळ्या डिझाइनमधली सगळ्यात बारीक प्रिसिजन हीच सिम्युलेशनची पायरी ठरते, म्हणून एफएस (फेम्टोसेकंद) उगीच लिहू नका. मिलिसेकंदांच्या रिलेसाठी त्याची गरजच नाही.

आता तिसरा प्रश्न, नेटटाइपचा.

`डिफॉल्ट_नेटटाइप नन वापरणं योग्यच आहे. ते नसेल तर नावात एक अक्षर चुकलं की कंपाइलर त्या नावाची एक बिटची वायर स्वतःच तयार करतो. ८ बिटांच्या फेज_नमुना ऐवजी फेज_नमूना पोर्टला जोडलं, की खालचा एक बिट जोडला जातो तोही कुठंच न गेलेल्या वायरला, आणि हातात येते ती फक्त रुंदी न जुळल्याची वॉर्निंग. ननमुळं हेच एरर म्हणून दिसतं.

बाहेरच्या फाइली फुटतात त्या मात्र याच कारणानं: तुमची फाइल संपली तरी 'नन' संपत नाही, एकाच युनिटात पुढच्या फाइलीत जातो. बाहेरच्या लायब्ररीत न घोषित केलेल्या वायरी असतात, त्या अडकतात. म्हणून दोन ओळी कायम जोडीनं:

फाइलीच्या डोक्यावर `डिफॉल्ट_नेटटाइप नन
शेवटच्या एंडमॉड्यूलनंतर `डिफॉल्ट_नेटटाइप वायर

इथं लक्षात ठेवायचं की शेवटची ओळ 'आधी जे होतं ते' परत आणत नाही, ती सरळ वायर करते. या डायरेक्टिव्हला रचून ठेवायची सोय नाही. रचून ठेवायची सोय `बिगिन_कीवर्ड्स आणि `एंड_कीवर्ड्स या जोडीला आहे. आणि हा डायरेक्टिव्ह मॉड्यूलच्या बाहेरच लिहायचा. मानकानं तसं स्पष्ट सांगितलंय.

'इनपुट लॉजिक' ची एरर: टूल मानकाला धरूनच चाललंय, फक्त कडक आहे. कलम २३.२.२.३ प्रमाणं इनपुट आणि इनआउट पोर्टचा प्रकार लिहिला नसेल, तर तो डिफॉल्ट नेटटाइपचा नेट (वायरसारखी जोडणी) धरला जातो. 'लॉजिक' हा डेटाटाइप झाला. तो नेट आहे की व्हेरिएबल हे त्यातून कळत नाही. मग डिफॉल्ट नेटटाइप काय? नन. म्हणून एरर. काही टूल इथं सवलत देतात, काही देत नाहीत. दोन्हीकडं चालेल असं लिहायचं तर

इनपुट वायर लॉजिक फेज_आर
इनपुट वार लॉजिक फेज_वाय

यांपैकी एक. मी 'वायर' सुचवेन, कारण इनपुटवर नेट असणं हेच पूर्वापार वागणं आहे आणि दोन ठिकाणांहून चालवलं गेलं तर एक्स (अनिश्चित किंमत) दिसतो. आउटपुटला ही अडचण येत नाही: 'आउटपुट लॉजिक' असं डेटाटाइपसह लिहिलं की ते व्हेरिएबल धरलं जातं. पण नुसतं 'आउटपुट ट्रिप' लिहिलं तर तिथंही नेटच, आणि ननखाली तिथंही एरर.


लातूर_सिम (लातूर):

दुसरा प्रश्न राहिला, `रीसेटऑलचा.

तो टाइमस्केल पुसतो, नेटटाइप परत वायर करतो, `सेलडिफाइन आणि `अनकनेक्टेड_ड्राइव्ह बंद करतो. मॅक्रोला हात लावत नाही. ज्या डायरेक्टिव्हला मुळात डिफॉल्ट किंमतच नाही, त्यावर `रीसेटऑलचा परिणाम नाही, असं मानक म्हणतं. `डिफाइन आणि `इन्क्लूड त्यातच येतात.

पण 'घोळ मिटेल का' याचं उत्तर नाही. रिले_मॉडेलच्या वर नुसतं `रीसेटऑल टाकलं की टाइमस्केल जाऊन टूलचा डिफॉल्ट येईल, म्हणजे -यू मध्ये जे झालं तेच सगळीकडं होईल. मानकाची शिफारस पूर्ण वाचा: फाइलीच्या सुरुवातीला `रीसेटऑल आणि लगेच त्याखाली त्या फाइलीला हवे असलेले डायरेक्टिव्ह. दुसरा अर्धा भाग विसरला तर पहिल्या अर्ध्याचा उपयोग नाही.

`रीसेटऑल मॉड्यूलच्या आत बेकायदेशीर आहे. यातून एक प्रत्यक्षातला प्रसंग उद्भवतो: कोणीतरी हेडर फाइलीच्या वर `रीसेटऑल टाकतं, आणि दुसरं कोणीतरी तीच हेडर मॉड्यूलच्या आत `इन्क्लूड करतं, कारण तिच्यात लोकलपॅरॅम (मॉड्यूलपुरते स्थिरांक) आहेत. इन्क्लूड म्हणजे तो मजकूर तिथं जसाच्या तसा ओतणं, मग `रीसेटऑल मॉड्यूलच्या पोटात येतो. टाइमस्केलचंही तसंच, आयकॅरस तर 'मॉड्यूलच्या आत टाइमस्केल चालणार नाही' म्हणून थांबतोच. हेडरमध्ये `रीसेटऑल, `टाइमस्केल, `डिफॉल्ट_नेटटाइप यांतलं काहीही ठेवू नका. हेडरमध्ये शेवटी राहिलेला टाइमस्केल, इन्क्लूड करणाऱ्या फाइलीच्या उरलेल्या भागालाही लागतो.

मॅक्रो पुसायचेच असतील तर `अनडिफाइनऑल आहे, २००९ पासून. त्याच्यातही संदिग्ध जागा आहे. मानक म्हणतं, युनिटात `डिफाइन डायरेक्टिव्हनं ठरवलेले सगळे मॅक्रो जातात. कमांड लाइनवर +डिफाइन+सिम असं दिलेलं मॅक्रो जातं का? कमांड लाइन हा मानकाचा विषयच नाही, त्यामुळं टूल दोन्हीपैकी काहीही करू शकतं. कमांड लाइनवरून येणाऱ्या मॅक्रोवर अवलंबून असलेल्या फाइलीत `अनडिफाइनऑल वापरूच नका. नको असलेली मॅक्रो नाव घेऊन `अनडेफ करा.

आता तुम्ही विचारलं नाही, पण तीन फाइलींच्या तीस झाल्या की हे नक्की समोर येईल: इन्क्लूड गार्ड, म्हणजे हेडर दोनदा वाचली जाऊ नये म्हणून घातलेली अट. लोकलपॅरॅमची हेडर अशी असते

`इफएनडेफ वेळा_व्हीएच
`डिफाइन वेळा_व्हीएच
लोकलपॅरॅम थांबा_एमएस = ३०००;
`एंडइफ

आणि ती फेज_तपास व रिले_मॉडेल या दोन्ही मॉड्यूलच्या आत इन्क्लूड केलेली. प्रत्येक फाइल वेगळं युनिट असेल तर मजेत चालतं. सगळ्या फाइली एका युनिटात आल्या की पहिल्या मॉड्यूलमध्ये गार्डचं मॅक्रो ठरतं, दुसऱ्या मॉड्यूलमध्ये हेडर रिकामी निघते आणि 'थांबा_एमएस घोषित नाही' अशी एरर येते. लोक मग फाइलींचा क्रम बदलून पाहतात. त्यानं फक्त एरर कुठल्या मॉड्यूलमध्ये येईल तेवढं बदलतं. गार्ड फक्त मॅक्रोंच्या हेडरला ठेवा. लोकलपॅरॅमसाठी पॅकेज करा आणि इम्पोर्ट करा. पॅकेज सगळ्या युनिटांना दिसतं. जुनं व्हेरिलॉगच ठेवायचं असेल तर त्या हेडरचा गार्ड काढून टाका, कारण प्रत्येक मॉड्यूलला तिची स्वतःची प्रत हवीच आहे.

`इन्क्लूडचा रस्ता हाही लोकांना चकवतो. सी भाषेच्या सवयीनं वाटतं की इन्क्लूड करणाऱ्या फाइलीच्या फोल्डरपासून शोध सुरू होईल. १८०० प्रमाणं अवतरणचिन्हातलं सापेक्ष नाव कंपाइलर जिथून चालवला त्या फोल्डरमध्ये शोधायचं, आणि मग वापरकर्त्यानं दिलेल्या जागांत. म्हणून नांदेडला सिम फोल्डरमधून चालणारं संभाजीनगरला मूळ फोल्डरमधून चालत नाही. +इंकडिर+ नं जागा स्पष्ट द्या. सी सारखं वागणं हवंच असेल तर आयकॅरसमध्ये -जीरिलेटिव्ह-इन्क्लूड आणि व्हेरिलेटरमध्ये --रिलेटिव्ह-इन्क्लूड्स आहे, पण मग ते बिल्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या टूलमध्ये परत तेच.


नांदेड_आरटीएल:

सगळ्यांचे आभार, फार नेमकं सांगितलंत. रिलेला मॉड्यूलच्या आत टाइमयुनिट टाकलं. तिन्ही पद्धतींनी चालवल्यावर संपर्क ५ मिलिसेकंदांनीच येतो.

दोन शंका उरल्या. मोठ्या प्रोजेक्टमध्ये कोणत्या मॉड्यूलला प्रत्यक्षात कोणता टाइमस्केल लागला हे खात्रीनं कसं पाहायचं? आणि चौथा प्रश्न, मोकळ्या पिनचा.


गोदाकाठ (पैठण):

पहिलं सोपं आहे. टेस्टबेंचच्या इनिशियल ब्लॉकमध्ये

$प्रिंटटाइमस्केल(टीबी_स्टार्टर.डीयूटी.रिले१);

असं लिहा. त्या इन्स्टन्सचं एकक आणि प्रिसिजन छापून येईल. संशय असलेल्या प्रत्येक इन्स्टन्ससाठी एक ओळ. ही सिस्टिम टास्क पहिल्या मानकापासून भाषेत आहे, कुठल्याही सिम्युलेटरवर चालेल.

दुसरा मार्ग: आयकॅरसला -ई देऊन फक्त प्रीप्रोसेस केलेला मजकूर एका फाइलीत काढा. इन्क्लूड आणि मॅक्रो उलगडलेले असतात, `टाइमस्केलच्या ओळी तशाच राहतात. त्या फाइलीत 'मॉड्यूल' आणि 'टाइमस्केल' या दोन शब्दांवर ग्रेप मारला की कोणतं मॉड्यूल कोणत्या टाइमस्केलखाली बसतंय याची यादी वरून खाली वाचता येते. यादीत सलग दोन मॉड्यूल दिसली आणि मध्ये टाइमस्केल नाही, तर दुसरं आणि पहिलं एकाच फाइलीतलं आहे का ते तपासा. नसेल तर तीच उसनवारी. टाइमयुनिट आत लिहिलेलं असेल तर अर्थातच ही यादी त्याला लागू नाही. तिथं $प्रिंटटाइमस्केलवरच भरवसा ठेवा.

वाइल्डकार्ड मात्र काढा. अक्षरक्रम लोकेलवर (मशीनच्या भाषेच्या सेटिंगवर) ठरतो. मोठी-छोटी अक्षरं मिसळली की दोन मशीनवर दोन क्रम येऊ शकतात. फाइल-यादी करून -एफ नं द्या.


परभणी_व्हेरिफ (परभणी):

चौथा प्रश्न मी घेतो, कारण तो खरोखर संदिग्ध आहे आणि बहुतेक जण 'चालतंय ना' म्हणून पुढं जातात.

मानकाच्या वाक्याचा आशय असा: `अनकनेक्टेड_ड्राइव्ह आणि `नोअनकनेक्टेड_ड्राइव्ह यांच्या मध्ये येणाऱ्या मॉड्यूलचे सगळे न जोडलेले इनपुट पोर्ट वर किंवा खाली ओढले जातात. आता 'मध्ये' कोण यायला हवं? रिले_मॉडेलची व्याख्या, जिच्यात इनपुट पोर्ट घोषित आहे? की स्टार्टर मॉड्यूल, ज्याच्यात रिलेचा इन्स्टन्स घेताना ती पिन मोकळी सोडली? पोर्ट व्याख्येत असतो, पण 'न जोडलेला' तो इन्स्टन्समध्ये होतो. वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं.

व्याख्येच्या बाजूनं वाचलं तर रिले_मॉडेलच्या सगळ्या मोकळ्या इनपुटांना पुल१ मिळेल, इन्स्टन्स कुठंही असो. इन्स्टन्सच्या बाजूनं वाचलं तर स्टार्टरमधल्या सगळ्या इन्स्टन्सच्या सगळ्या मोकळ्या इनपुटांना मिळेल, त्यात रिलेशिवाय इतर मॉड्यूलही आले. तुमच्या डिझाइनमध्ये हा फरक जिवावरचा आहे: फीडबॅक पुल१ झाली तर कंट्रोलरला संपर्क लागल्यासारखा दिसतो आणि 'संपर्क आलाच नाही' म्हणून लागायचा ट्रिप लागत नाही. सिम्युलेशन हिरवं, हार्डवेअरवर मोटार एका फेजवर घुरघुरत बसली तरी लॉजिकला पत्ता नाही. वर आणखी एक: हा सिम्युलेशनचा आधार आहे; एफपीजीएच्या सिंथेसिसनं (कोडचं सर्किट करणाऱ्या पायरीनं) तो पाळलाच असं गृहीत धरू नका.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. नव्या कोडमध्ये हा डायरेक्टिव्ह वापरू नका. इन्स्टन्समध्ये पिन नावानं बांधा:

.फीडबॅक(१'बी०)

मोकळी ठेवायची पिन ० ला बांधली तर संपर्क दिसणार नाही आणि ट्रिप होईल, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला. जिथं शेकडो इन्स्टन्स आहेत तिथं सिस्टिमव्हेरिलॉग २००९ पासून इनपुट पोर्टला डिफॉल्ट किंमत देता येते:

इनपुट वायर लॉजिक फीडबॅक = १'बी०

ही पोर्टच्या घोषणेत असते, त्यामुळं व्याख्या की इन्स्टन्स हा वादच राहत नाही. इन्स्टन्सच्या यादीत ती पिन लिहिलीच नाही तर ही किंमत. खबरदारी: .फीडबॅक() असं रिकामं कंसात लिहिलं तर ती मुद्दाम मोकळी सोडली असं धरलं जातं आणि डिफॉल्ट किंमत लागत नाही. पिन वगळणं आणि रिकामा कंस लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुन्या लायब्ररीत डायरेक्टिव्ह आधीच असेल आणि काढता येत नसेल, तर टूलचं वागणं दोन छोट्या फाइलींत पारखा. पहिल्या फाइलीत फक्त एक इनपुट असलेलं मॉड्यूल, ते इनपुट $डिस्प्लेनं छापतं. दुसऱ्या फाइलीत त्याचा मोकळ्या पिनचा इन्स्टन्स. आधी डायरेक्टिव्हची जोडी फक्त पहिल्या फाइलीभोवती घाला, मग फक्त दुसऱ्या फाइलीभोवती. छापताना #१ थांबा, शून्य वेळेला किंमत अजून पोचलेली नसू शकते. १ कुठल्या धावेत येतो आणि झेड (न जोडलेली पिन) कुठल्या, त्यावरून टूल कोणत्या बाजूचं आहे ते कळेल. `नोअनकनेक्टेड_ड्राइव्ह विसरू नका, नाहीतर पहिल्या फाइलीचा परिणाम दुसरीत सांडेल आणि तपासणीच निकामी होईल. दोन टूलची उत्तरं वेगळी आली तर त्याच दोन फाइली आणि कलम २२.९ असं लिहून टूलवाल्यांना कळवा. १८०० चं पुस्तक आयट्रिपलईच्या गेट कार्यक्रमातून मोफत उतरवता येतं. कलमाचा क्रमांक दिला की उत्तर लवकर येतं.


नांदेड_आरटीएल:

रिकाम्या कंसाची गोष्ट कामाची निघाली, आमच्याकडं तीन इन्स्टन्समध्ये तसंच लिहिलंय. एक शेवटचं: जुन्या एका मॉड्यूलमध्ये 'बिट' आणि 'फायनल' ही सिग्नलची नावं आहेत, सिस्टिमव्हेरिलॉग म्हणून कंपाइल होत नाही. फाइलीचं एक्स्टेन्शन .व्ही ठेवलं तरी एक टूल तक्रार करतं.


जालना_एफपीजीए (जालना):

एक्स्टेन्शनवर भाषा ठरवणं हा टूलचा रिवाज आहे, मानकाचा नाही. त्या मॉड्यूलच्या आधी `बिगिन_कीवर्ड्स "१३६४-२००१" आणि एंडमॉड्यूलनंतर `एंड_कीवर्ड्स लिहा, दोन्ही मॉड्यूलच्या बाहेर. त्यानं फक्त राखीव शब्दांची यादी जुनी होते, बाकीचे नियम चालू मानकाचेच राहतात. मॉड्यूलच्या आत टाइमयुनिट मात्र आता लिहिता येणार नाही, कारण २००१ च्या यादीत तो राखीव शब्दच नाही; त्या फाइलीला वरती `टाइमस्केल द्या. `एंड_कीवर्ड्स राहून गेलं तर त्याच युनिटातल्या पुढच्या फाइलीत 'लॉजिक' म्हणजे साधं नाव समजलं जाईल आणि एरर निर्दोष फाइलीच्या पहिल्या पोर्टवर दिसेल. अशी एरर दिसली की आधी यादीत त्याच्या वरची फाइल उघडा.